सिंगल-कट बेस गिटार पारखून घेताना

सिंगल-कट बेस गिटारमध्ये बॉडीचा वरचा भाग शिंगासारखा सुटा न राहता नेकला (तारा ज्यावर ताणलेल्या असतात त्या लांब दांड्याला) लागूनच पुढे जातो, त्यामुळे नेकला भक्कम आधार मिळतो आणि विशेषतः जाड तारांचा सूर ठाम, स्पष्ट लागतो. अमेरिकी बेसवादक अँथनी जॅक्सन यांच्या सहा तारी, ३६ इंच स्केलच्या (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीच्या), फोडेरा कंपनीच्या बेसमुळे ही रचना नावारूपाला आली.

पाच तारी बेस घेणार असाल, तर अ‍ॅम्प्लिफायर न जोडता सुमारे ३१ हर्ट्झची बी तार (सर्वांत जाड) छेडा आणि डावा तळहात नेकच्या जोडावर ठेवून कंप किती वेळ टिकतो ते पाहा. मग ‘जी’ तारेवर (सर्वांत बारीक) पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) एकेक सूर लांबवा. एखादा मध्येच विझला, तर तो डेड स्पॉट समजावा. सिंगल-कटमध्ये तो सहसा सौम्य असतो, पण नसतोच असे नाही.

लातूर-नांदेडकडच्या ऑर्केस्ट्रात तासन्‌तास उभ्याने वाजवावे लागते, म्हणून पट्टा अडकवून वजन आणि तोल जरूर तपासा. शेवटच्या फ्रेटपर्यंत पोहोचताना अंगठा अडतो का, तेही पाहा; माझ्या मते हा या रचनेचा खरा तोटा आहे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ताठ नेकही हलतो, तेव्हा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) सहज फिरतो याची खात्री करूनच पैसे द्यावेत.