गुळवेल घेताय? आधी या चुका टाळा

आमच्याकडे गुळवेल निघायची ती तापात. अंगठ्याएवढा जाड तुकडा ठेचायचा, पाण्यात उकळायचा, पाव हिस्सा उरला की गाळायचा. चार-पाच दिवसांत ताप उतरला की काढा बंद. २०२० मध्ये करोनाच्या धास्तीनं हीच वेल घरोघरी रोज सकाळी, महिनोन् महिने प्यायली जाऊ लागली. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांत स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं: गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत होऊ शकते. वाद काहीही असो, यकृताचा जुना त्रास, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा एक आजार), आमवात किंवा प्रतिकारशक्तीशी निगडित थायरॉइडचा आजार असेल तर ती मनानं घेऊ नका. गरोदरपणातही नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्तच खाली येऊ शकते.

काढा चालू असताना भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर तो लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. गुळवेल घेत होतो हे स्वतःहून सांगा. ‘ते कुठे औषध आहे’ असं समजून लोक नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात.

आता ओळख. नुसतं हृदयाच्या आकाराचं पान पाहून वेल तोडू नका. पहाडवेलीचं पानही तसंच दिसतं, पण तिचा देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आत जुळतो. वासनवेलीच्या पानावर मखमली लव असते. गुळवेलीचं पान गुळगुळीत. जुन्या खोडाची पातळ, पापुद्र्यासारखी साल नखानं खरवडली की खाली हिरवं दिसतं, आणि आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. क्रिस्पाच्या खोडावर मात्र ठसठशीत गाठी असतात. एवढं पाहूनही शंका उरली तर ती वेल सोडून द्या.

गुळवेलीचं सत्त्व, म्हणजे ठेचलेलं खोड पाण्यात भिजवून तळाशी बसणारी पांढरी पूड, काळपट होतंय? बहुधा वरची साल नीट काढलेली नसते. आंबट वास आला तर ते पाण्यात जास्त वेळ राहून आंबलंय, फेकून द्या. पुढच्या वेळी तळाशी बसलेला पांढरा थर दोन-तीनदा ताज्या पाण्यानं धुवा आणि पातळ पसरून लवकर वाळवा.

कडुनिंबावरचीच हवी म्हणून लोक रानोमाळ फिरतात. परंपरा ती श्रेष्ठ मानते हे खरं, पण गुळवेल बांडगूळ नाही. झाडाचा फक्त आधार घेते.

वेल मुळासकट ओढून काढलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं. संस्कृतात तिचं एक नाव छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. लागेल तेवढाच तुकडा कापा, बुंधा राहू द्या. पावसाच्या तोंडावर हातभर कांडी कुंडीत खोचली तरी ती जीव धरते.