राजकन्या न्यायालयात उभी राहते तेव्हा लोकमत कसे वाचावे

राजघराण्यातील एखाद्या व्यक्तीवर आर्थिक गुन्ह्याचा आरोप आला की जनतेला काय वाटते हे सांगणारे लगेच पुढे येतात. मात्र त्यांच्या उत्तरांत बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. ही व्यक्ती दोषी आहे असे लोकांना वाटते का, हा पहिला प्रश्न आहे. न्यायालय तिला इतर कोणाही नागरिकासारखेच वागवील असा त्यांना भरवसा आहे का, हा दुसरा, आणि राजसत्तेवर त्यांचा विश्वास उरला आहे का, हा तिसरा. हे तीन प्रश्न वेगळे कसे ठेवावेत हे शिकण्यासाठी, राजाच्या जावयावर आणि कन्येवर आरोप झालेले स्पेनमधील नोओस प्रकरण घ्यावे, असे मी सुचवीन. त्यात चौकशी, आरोप, खटला, निकाल आणि अपील हे सगळे टप्पे पूर्ण झाले आहेत, आणि त्यातील निर्णायक वर्षांत एकाच संस्थेने एकाच पद्धतीने लोकांना प्रश्न विचारलेले आहेत.

आरोप नेमका काय होता हे आधी समजून घ्यावे

कोणताही आकडा पाहण्याआधी आरोपाचे स्वरूप एका कागदावर लिहून काढावे. नोओस ही कागदोपत्री नफा न कमावणारी संस्था होती. राजे हुआन कार्लोस यांचे जावई आणि माजी ऑलिंपिक हँडबॉलपटू इन्याकी उर्दांगारिन हे ती आपले भागीदार दिएगो तोरेस यांच्यासह चालवीत असत. बालेआरिक बेटे आणि वालेन्सिया येथील प्रादेशिक प्रशासनांनी क्रीडा व पर्यटनविषयक परिषदांसाठी या संस्थेला सार्वजनिक निधीतून सुमारे ६० लाख युरो दिले, आणि त्यातील मोठा हिस्सा खासगी कंपन्यांकडे वळवला गेला, हा मुख्य आरोप होता. उर्दांगारिन यांच्या पत्नी राजकन्या क्रिस्तिना यांच्यावरचा आरोप याहून बराच अरुंद होता. आयझून या कंपनीत पती-पत्नींची निम्मी-निम्मी मालकी होती, आणि २००७ व २००८ या दोन वर्षांत पतीने केलेल्या करचुकवेगिरीत त्यांनी साहाय्य केले, असे आरोपकर्त्यांचे म्हणणे होते. स्पेनच्या दंडसंहितेनुसार एका वर्षात १,२०,००० युरोंपेक्षा अधिक कर बुडवला तरच तो फौजदारी गुन्हा ठरतो. त्याखालच्या रकमेचा निकाल प्रशासकीय दंडाने लागतो.

ही सीमारेषा लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण लोकांचा राग सार्वजनिक पैशाच्या लुटीवर होता, तर राजकन्येवरचा खटला कराचा होता. 'तिने जनतेचे पैसे खाल्ले' असे म्हणणारा माणूस आणि आरोपपत्र हे एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हते. अशा माणसाचे मत मोजताना ते कशाविषयी आहे याची नोंद केली नाही, तर पुढचे सगळे अनुमान घसरते.

घटनाक्रम आणि सर्वेक्षणाचे महिने शेजारी मांडावेत

आता दोन स्तंभ आखावेत. पहिल्यात घटना लिहाव्यात. डिसेंबर २०११ मध्ये राजवाड्याने उर्दांगारिन यांना अधिकृत कार्यक्रमांतून वगळले. त्याच महिन्यात राजांनी नाताळच्या भाषणात न्याय सर्वांना समान असल्याचे सांगितले, आणि महिनाअखेर बालेआरिक बेटांची राजधानी पाल्मा येथील न्यायाधीश खोसे कास्त्रो यांनी जावयांना संशयित ठरवले. एप्रिल २०१२ मध्ये राजे बोत्सवानात हत्तीच्या शिकारीला गेले असताना पडून जखमी झाले, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. एप्रिल २०१३ मध्ये क्रिस्तिना यांना प्रथमच संशयित ठरवण्यात आले. वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश थांबवला, पण जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीशांनी नवा आदेश काढला आणि ८ फेब्रुवारी रोजी त्यांनी पाल्मा येथे जबाब दिला. जून २०१४ मध्ये हुआन कार्लोस यांनी राजत्याग केला आणि त्यांचे पुत्र फेलिपे सहावे गादीवर आले. डिसेंबर २०१४ मध्ये राजकन्येवर खटला चालवण्याचा आदेश झाला आणि पुढील जूनमध्ये भावाने तिचा पाल्माच्या डचेसचा किताब काढून घेतला.

दुसऱ्या स्तंभात 'सीआयएस' या सरकारी समाजशास्त्रीय संशोधन केंद्राचे आकडे घ्यावेत. हे केंद्र सुमारे अडीच हजार लोकांच्या घरी जाऊन मुलाखती घेत असे आणि निरनिराळ्या संस्थांवरील विश्वासाला शून्य ते दहा गुण द्यायला सांगत असे. राजसत्तेला १९९५ मध्ये ७.४८ गुण मिळाले होते. २०१० मध्ये ते ५.३६ झाले, ऑक्टोबर २०११ मध्ये ४.८९, एप्रिल २०१३ मध्ये ३.६८, एप्रिल २०१४ मध्ये ३.७२ आणि एप्रिल २०१५ मध्ये ४.३४.

हे दोन स्तंभ शेजारी ठेवून शांतपणे पाहिले की सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट दोन ठिकाणी अडखळते. राजसत्तेचे गुण पाचाच्या खाली प्रथम गेले ते ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे जावयांना संशयित ठरवण्याच्या आधी. विश्वासाची गळती जुनी होती आणि त्या वर्षी मंदीने पिचलेला देश सगळ्याच सत्ताकेंद्रांवर चिडलेला होता. मे २०११ मध्ये चौकाचौकांत तळ ठोकून बसलेले तरुण 'हे आमचे प्रतिनिधी नाहीत' असे राजकारण्यांना उद्देशून म्हणत होते. २०१३ च्या सुरुवातीला बेकारी २६ टक्क्यांच्या वर होती. प्रकरणाने घसरण तीव्र केली असे म्हणण्यास आधार आहे, पण प्रकरणाने ती सुरू केली असे म्हणण्यास नाही. एप्रिल २०१३ च्या नीचांकाबाबतही हीच सावधगिरी हवी. राजकन्येवरचा पहिला आदेश त्याच महिन्यातला आहे. म्हणून प्रत्यक्ष मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या हे तपासल्याशिवाय एकाला दुसऱ्याचे कारण ठरवू नये. शिवाय त्याच यादीतील इतर संस्थांचे गुणही पाहावेत. राजकीय पक्ष आणि सरकार त्या वेळी राजसत्तेच्याही खाली होते, तर पोलीस आणि सैन्यदले पाचाच्या वर टिकून होती. लोक सरसकट सगळ्यांवर चिडलेले नव्हते, ते निवड करत होते.

दुसरे अडखळण्याचे ठिकाण मला सर्वांत बोलके वाटते. एप्रिल २०१४ ते एप्रिल २०१५ या काळात राजकन्येची स्थिती अधिक बिकट झाली, कारण तिच्यावर खटला चालणार हे निश्चित झाले. तरीही राजसत्तेवरील विश्वास ३.७२ वरून ४.३४ वर गेला. व्यक्तीविषयीचे मत आणि संस्थेविषयीचे मत एकाच दोरीने बांधलेले असते, तर असे झाले नसते. गादीवर नवा राजा आला होता, त्याने बहिणीपासून अंतर ठेवले होते, आणि लोकांनी त्याची दखल घेतली, असे या आकड्यांवरून म्हणता येते. ते अंतर माणूस म्हणून योग्य होते की नाही, याचे उत्तर मात्र हे आकडे देत नाहीत आणि त्यांच्याकडून ते काढूही नये.

न्यायालयाविषयीचे मत स्वतंत्रपणे वाचावे

समान वागणुकीच्या प्रश्नावर लोकांचा राग का पेटला, हे समजण्यासाठी एक प्रसंग पुरेसा आहे. जानेवारी २०१६ मध्ये पाल्मा येथे खटला सुरू झाला, तेव्हा सरकारी पक्षाने राजकन्येवर आरोपच ठेवलेला नव्हता. स्पेनच्या राज्यघटनेनुसार नागरिकांना किंवा संघटनांनाही फौजदारी आरोप चालवता येतो आणि त्या तरतुदीखाली मानोस लिंपियास या संघटनेने एकटीने तो पुढे रेटला. राजकन्येला वगळावे असा युक्तिवाद करताना सरकारी वकिलांनी 'करखाते म्हणजे आपण सगळे' हे वर्षानुवर्षे लोकांच्या कानी पडलेले घोषवाक्य केवळ जाहिरातीपुरते असल्याचे सांगितले. नियमाने कर भरणाऱ्या माणसाला हे ऐकून किती लागले असेल याची कल्पना करणे कठीण नाही, आणि मला तो राग रास्त वाटतो. पण तो राग सरकारी वकिलांच्या भूमिकेवरचा होता. राजकन्या दोषी असल्याचा तो पुरावा नव्हता.

ज्याने आरोप केला त्याच्याविषयीचे मतही वेगळे नोंदवावे. मानोस लिंपियासच्या प्रमुखाला एप्रिल २०१६ मध्ये खंडणीच्या संशयावरून अटक झाली. त्याला अनेक वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, पण खटला चालू असताना ही बातमी ताजी होती. आरोपकर्त्यावर अविश्वास असलेल्या पण खटला चालावा असे वाटणाऱ्या व्यक्तीला 'राजकन्येच्या बाजूची' म्हणणे चूक ठरेल.

निकालाच्या बाबतीत तर शब्दशः वाचन करावे. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी क्रिस्तिना निर्दोष सुटल्या आणि पतीला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली, जी जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षे दहा महिने केली. राजकन्येला २,६५,०८८ युरो भरण्यास सांगण्यात आले आणि अपिलात ती रक्कम १,३६,९५० युरो झाली. हे पैसे शिक्षा म्हणून मागितलेले नव्हते. पतीच्या गुन्ह्यातून नकळत झालेल्या लाभाची ती दिवाणी परतफेड होती. अनेकांनी तिला दंड समजले, आणि त्यावरून कोणी 'दोषी असूनही पैसे देऊन सुटली' असे म्हटले, तर कोणी 'निर्दोष असूनही दंड झाला' असे. सर्वेक्षणात निकालाबद्दल प्रश्न असेल, तर उत्तर देणाऱ्याला निकाल समजावून सांगितला होता का, हे प्रश्नावलीत पाहावे. शिक्षा झाल्यावर अपील होईपर्यंत उर्दांगारिन यांना स्वित्झर्लंडमध्ये राहू दिले गेले, त्यावरचा असंतोषही न्यायालयाविषयीच्या खान्यात जातो.

रस्त्यावरील आवाज किती मोजावा

पाल्माच्या न्यायालयाबाहेर स्पेनच्या जुन्या प्रजासत्ताकाचा तिरंगी ध्वज घेऊन घोषणा देणारे लोक ठळकपणे टिपले गेले. ते खरे होते, त्यांची तळमळही खरी होती, परंतु ते स्वतःहून आलेले होते. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर बटण दाबून मत देणाऱ्यांचेही तेच. अशा नोंदींवरून लोक कोणत्या शब्दांत रागावले आहेत हे कळते, किती लोक रागावले आहेत हे कळत नाही. पाल्माच्या नगरपालिकेने २०१३ मध्ये एका रस्त्याच्या नावातून ड्यूक दांपत्याचा, म्हणजे क्रिस्तिना व उर्दांगारिन यांचा, उल्लेख काढला, हा निवडून आलेल्या मंडळाचा निर्णय होता. त्याला लोकमताचे माप म्हणू नये, मात्र लोकप्रतिनिधींना वाऱ्याची दिशा कोणती वाटली याची खूण म्हणून तो नोंदवावा.

जिथे प्रश्न विचारणेच थांबले

सीआयएसने एप्रिल २०१५ नंतर राजसत्तेवरील विश्वासाचा हा प्रश्न विचारणे सोडले. म्हणजे खटला, निकाल, अपील आणि २०२० मध्ये हुआन कार्लोस यांनी स्वतःच्या आर्थिक व्यवहारांच्या चौकशीदरम्यान देश सोडणे, यांपैकी एकाही घटनेसाठी तुलना करता येईल असा आकडा या मालिकेत नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेने नेमक्या याच विषयावर गप्प राहावे हे मला गंभीर वाटते, आणि अशा प्रकरणावर लिहिताना ते स्पष्ट नोंदवावे. ही पोकळी खासगी सर्वेक्षणांनी भरण्याचा मोह होईल. त्यांपैकी काहींत गुण मागितलेले नसतात, 'राजसत्ता की प्रजासत्ताक' अशी निवड करायला सांगितलेली असते. काही मुलाखती घरी जाऊन घेतलेल्या नसून इंटरनेटवरून घेतलेल्या असतात. तसे आकडे वापरावेत, पण वेगळ्या तक्त्यात, प्रश्नाचे शब्द, पद्धत आणि ते कोणाच्या पैशाने झाले हे लिहून. आलेखावरील सीआयएसची रेषा मात्र ४.३४ वरच थांबवावी आणि ती का थांबली हे त्याच पानावर सांगावे.