किक सटकते? गिअरबॉक्स खोलायच्या आधी क्लच बघा

जुन्या मोटरसायकलची किक सटकायला लागली, म्हणजे पाय खाली जातो पण इंजिन फिरत नाही, की सल्ला ठरलेला असतो: "रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणाऱ्या दातेरी चकत्या) गेलं, गिअरबॉक्स खोला." हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. खोलायला हरकत नाही, पण आधी दोष कुठे आहे ते तर कळू दे.

ट्रायम्फ, बीएसएसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत किकचा जोर सरळ इंजिनाला मिळत नाही. किकच्या शाफ्टवरचा दातेरी क्वाड्रंट (अर्धवट वर्तुळाचा गिअर) गिअरबॉक्समधलं रॅचेट फिरवतो, रॅचेटमुळे गिअरबॉक्सचा मुख्य दांडा, म्हणजे मेनशाफ्ट, फिरतो, तिथून जोर क्लचमध्ये जातो आणि मग प्रायमरी चेनवरून क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पोहोचतो. या सगळ्या वाटेत मध्येच क्लच आहे. तो घसरला तर रॅचेट नवंकोरं असूनही किक फुकट जाणार. गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबून किकने इंजिन फिरतं का, ते बघा. फिरत असेल तर तुमची गाडी प्रायमरी किकची आहे. बऱ्याच जपानी गाड्या तशा असतात. त्यांच्यात किकचा जोर क्लच प्लेटांमधून जात नाही, त्यामुळे पुढची क्लचची तपासणी सोडून द्या.

सगळ्यात आधी किकचा लिव्हर. शाफ्टच्या टोकावर नजर ठेवून हाताने किक दाबा. लिव्हर फिरला आणि शाफ्ट जागेवरच राहिला, तर स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) झिजलेत किंवा लिव्हर शाफ्टला धरून ठेवणारी कॉटर पिन सैल आहे. पिन हातोडीने ठोकून घट्ट बसवा आणि नंतरच नट आवळा. नट आवळून पिन आत ओढू नका, आटे जातात.

आता खरी गोम. क्लच घसरतोय की रॅचेट, हे ओळखण्यात मी सुरुवातीला फार झगडलो, कारण पायाला दोन्ही जवळजवळ सारखंच लागतं. फरक आवाजात आहे. रॅचेट सुटतं तेव्हा "कट्" असा आवाज येतो आणि पाय झटक्याने खाली जातो. क्लच घसरतो तेव्हा आवाज नाही, झटका नाही. किक जड, संथ, तेलातून गेल्यासारखी खाली जाते आणि इंजिन मात्र हलत नाही.

कानावर भरवसा नसेल तर डोळ्यांनी बघा. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. प्रायमरी कव्हर काढा आणि क्लचच्या बास्केटवरून (बाहेरच्या डब्यावरून) प्रेशर प्लेटपर्यंत (प्लेटा दाबून धरणाऱ्या वरच्या चकतीपर्यंत) मार्करने एक सरळ रेघ मारा. किक एका बाजूला आणि क्लच दुसऱ्या बाजूला असतो, म्हणून जोडीला माणूस घ्या. त्याला सावकाश किक दाबायला सांगा. रेघ तुटली, म्हणजे प्लेट फिरली आणि बास्केट जागेवर राहिली, तर क्लच घसरतोय. दोन्ही हललेच नाहीत, तर जोर क्लचपर्यंत येतच नाही. मग रॅचेटकडे वळा.

या तपासणीत स्पार्क प्लग काढू नका. "प्लग काढा, किक हलकी होते," असं सांगणारे भेटतील. प्लग काढला की कम्प्रेशन जातं, आणि कम्प्रेशनचा भारच नसेल तर घसरणारा क्लचही इंजिन आरामात फिरवतो. दोष झाकला जातो आणि विनाकारण गिअरबॉक्स खोलला जातो.

क्लच दोषी निघाला तर आधी केबल बघा. हँडलच्या लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल हवीच. मग तेल. ओल्या क्लचच्या (प्लेटा तेलात बुडालेल्या) गाडीत कारचं, घर्षण कमी करणारं फ्रिक्शन मॉडिफायरवालं तेल नको, ओल्या क्लचसाठीच्या जासो एमए दर्जाचं घाला. प्लेटा आणि स्प्रिंगा त्यानंतर.

रॅचेटच निघालं तर तेल काढा, बाहेरचं कव्हर खोला. रॅचेटचे दाते करवतीसारखे असतात, एक बाजू उभी, एक उतरती. उभ्या बाजूच्या कडेवर नख फिरवा. नख अडकलं पाहिजे. कड गोल आणि चकचकीत झाली असेल तर दाता गेला. रॅचेटच्या दोन्ही चकत्या एकत्रच बदला, कारण जुनी चकती नवीला लवकर खाते. मागची छोटी स्प्रिंगही नवी घाला. दाते घासून किंवा वेल्डिंगने भरून घेण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, कडकपणा जातो आणि तुटलेला तुकडा गिअरांत फिरतो. मेनशाफ्टच्या टोकाला रॅचेटचा नट असेल तर तो सैल झालाय का तेही बघा. सैल नटामुळेही किक सटकते. आवळल्यावर नट सुटू न देणारा टॅब वॉशर दुमडायला विसरू नका.

जोडताना जपानी गाड्यांत रॅचेट आणि शाफ्टवरच्या खुणेचे ठिपके जुळवा. एका स्प्लाइनचा फरक पडला तरी किक उशिरा धरते किंवा इंजिन चालू असताना दाते घासत राहतात. किक परत वर आणणाऱ्या रिटर्न स्प्रिंगला ताण देऊनच अडकवा. ती सुटली तर तोंडावर येते, म्हणून चष्मा घाला.

किक अडकून बसली तर त्यावर उभं राहू नका. दात्यावर दाता आलेला असतो. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून जराशी पुढे-मागे हलवा, सुटेल.

कव्हर लावलं, तेल भरलं, तरी लगेच किक मारू नका. आधी पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) गॅप आणि इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासा. टायमिंग जास्त पुढे असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तर इंजिन उलटी किक मारतं आणि तो धक्का थेट नव्या दात्यांवर बसतो. हँडलवर ॲडव्हान्स-रिटार्डचा लिव्हर असेल तर तो रिटार्डला (ठिणगी उशिरा पाडणाऱ्या बाजूला) आणा आणि मगच किक मारा.