धाविक बघायला निघालात? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात सासवड-मोरगावच्या माळावर तेच ते बघून जीव विटतो. धाविक हा माळावरचा पक्षी दिसला रे दिसला की लोक गाडीतून उतरतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. अहो, त्याचं नावच धाविक! पायाला मागचं बोट नाही, तिन्ही बोटं पुढे. तुम्ही दहा पावलं टाकलीत की तो तुरुतुरु पळतो, थांबतो, मान ताठ करून बघतो, पुन्हा पळतो. अर्ध्या तासाने कॅमेऱ्यात उरतो पाठमोरा ठिपका.

माझी सवय साधी आहे. गाडी चाकोरीतच उभी करायची, इंजिन बंद, दार उघडायचं नाही. वीस मिनिटांत तो बहुधा आपणच किडे टिपत जवळ येतो. धावला, थबकला, वाकून वाळवी उचलली, पुन्हा धावला. पांढरी भुवई, तिच्याखालची काळी रेघ, विटकरी छाती, सगळं निवांत दिसतं. ज्यांना वीस मिनिटं बसवत नाही त्यांनी माळावर येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंच गवतात शोधू नका. शेरडांनी चरलेला उघडा माळ आणि पडीक रानं बघा. उन्हं तापल्यावर जाऊ नका, दुर्बिणीत नुसती झळ नाचते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं तर सोडाच. आणि कच्छमध्ये हिवाळ्यात फिकट, वाळूच्या रंगाचा दिसला तर तो त्याचा वाळवंटातला भाऊबंद, हा नव्हे.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चाकोरी सोडणं. एका मे महिन्यात सोबतच्या गाडीतल्या एकाला ‘जरा जवळून’ फोटो हवा होता. त्याने गाडी मुरमावर घातली. पक्षी थोडा पळायचा, वळून परत यायचा, लांब म्हणून जातच नव्हता. अंडी जवळ असल्याची ती खूण. मी हाका मारेपर्यंत उशीर झाला. टायरच्या नक्षीत पिवळा ओला डाग आणि त्याला चिकटलेली ठिपक्यांची टरफलं. दुसरं अंडं चार बोटांवर, शाबूत. धाविक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी घालतो. खड्यांतून ती वेगळी ओळखू येत नाहीत. तेव्हापासून मार्च ते ऑगस्ट मी चाकोरीबाहेर पाऊलही टाकत नाही.

त्या दिवशी आम्ही उमटलेल्या चाकांवरूनच गाड्या मागे घेतल्या. पाऊण तासाने तो परतला आणि उरलेल्या अंड्यावर सावली धरून उभा राहिला.