नुकतंच नूतनीकरण झालेलं घर घेताय? कोल्हापुरात या चुका टाळा

जुनं घर विकायला काढायचं म्हटलं की आधी पुट्टी, रंग आणि फॉल्स सिलिंग होतं. त्यात गैर काही नाही. कळकट घराला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. पण बघायला येणाऱ्याची नजर चकचकीत कामावर ठरते आणि एक प्रश्न विचारायचा राहतो: नेमकं हेच नवं का केलं? बाकी खोल्या तशाच असताना एकाच खोलीला फॉल्स सिलिंग का? हॉलच्या भिंतीला तीनच फूट टाइल्स का?

पुराचं पाणी: तोंडी उत्तरावर थांबू नका

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, उत्तरेश्वर, नागाळा पार्कचा सखल भाग इथली किती तरी घरं त्यानंतर नव्यानं उभी केल्यासारखी दुरुस्त झाली. "गल्लीत आलंतं, घरात न्हाई" हे उत्तर खरंही असेल, पण ते तपासल्याशिवाय विसार देऊ नका.

तळमजल्यावरचा, जमिनीलगतचा एखादा जुना स्विचबोर्ड निवडा. मेन स्विच बंद करून वायरमनकडून त्याची प्लेट उघडून घ्या. पाणी आत शिरलं असेल तर लोखंडी पेटीच्या तळाशी पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ सापडतो आणि स्क्रू गंजून तांबूस झालेले असतात. रंगारी तिथपर्यंत जात नाही. बोर्ड सगळेच नवे असतील आणि पाच फुटांवर नेले असतील, तर मालकानं शहाणपणाच केलाय, पण कारण विचाराच. मग बाहेर येऊन शेजारची न रंगवलेली भिंत, मागचं कंपाउंड आणि जिन्याखालची जागा बघा. पाण्याची मातकट रेघ तिथं वर्षानुवर्षं राहते. निळी पूररेषा (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आणि लाल पूररेषा (साधारण १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची हद्द) महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. निळ्या रेषेच्या आतलं घर मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही, ते कितीही देखणं असो.

उन्हाळ्यात बघून व्यवहार उरकू नका

एप्रिल-मेमध्ये भिंती वाळलेल्या असतात. जमेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, चार दिवस झड लागल्यावर जा. जोत्यातून चढणारी ओल साधारण तीन फुटांपर्यंत येते. ती झाकायला टाइल्स किंवा पीव्हीसी पॅनेल लावलं की ओलीला सुकायला जागा उरत नाही आणि ती आणखी वर सरकते. म्हणून टाइल्सच्या वरच्या कडेला लागून असलेली पट्टी बघा: रंगाला फुगे, पापुद्रे किंवा पांढरा लोणा (क्षाराची पूड) दिसला की रोग आतच आहे. शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येतेय.

फॉल्स सिलिंगच्या वर काय आहे ते बघा

छतातला एक लाइट काढून त्या भोकातून बॅटरी मारा. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. स्लॅबचे ढपले निघालेले, सळया उघड्या पडलेल्या दिसल्या तर पुढची बोलणी थांबवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन या.

मोठ्या हॉलला भुलू नका

ही चूक मला सगळ्यांत जीवघेणी वाटते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बऱ्याच जुन्या घरांत कॉलम नाहीत, स्लॅबचा किंवा माळ्याचा सगळा भार भिंतींवर आहे. स्वयंपाकघर आणि हॉल एक करायला मधली भिंत काढली असेल, तर तो भार आता कशावर आहे हे विचारा. "गर्डर टाकलाय" म्हणतील. तो किती मापाचा, दोन्ही टोकांना कशावर टेकलाय, हे इंजिनिअरनं बघायला हवं. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत फरशी तडकलेली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर, अचानक अडकणारं दार या खुणा असतील तर ते घर सोडून द्या.

नहाणीचं सोपं आहे. जाळीला बोळा कोंबून एक दिवस इंचभर पाणी तुंबवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. गळती निघालीच तरी ती दुरुस्त होते, भावात वजा करून घ्या.

कागद बघताना घरफाळ्याच्या पावतीवरचं क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजून ताडा. वर खोली चढवली असेल, गॅलरी आत घेतली असेल, तर त्याची बांधकाम परवानगी मागा. दुरुस्ती कुणी केली, काय केली, पुराचं पाणी कधी किती आलं, हे सगळं साठेखतात विक्रेत्याच्या सहीनं लिहून घ्या. लिहून द्यायला जिथं विक्रेता कचरतो, नेमकं तिथंच पुन्हा एकदा प्लेट उघडून बघा.