तांबीचं बोलणं बाळंतपणाआधीच

इंदूरला माहेरी बाळंतपणाला आलेल्या गरोदर बाईशी तांबीचा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीचा, विषय सातव्या-आठव्या महिन्यातच काढा. कळा सुरू झाल्यावर घेतलेली संमती खरी नव्हे. आधी तिच्याशी एकटीशी बोला, मग तिला हवं असेल तर आईला किंवा नवऱ्याला आत बोलवा. नमुन्याची तांबी हातात द्या, केवढीशी आहे ते कळू दे. बाळामागून वार (नाळेचा गोळा) पडल्यावर 10 मिनिटांत, नाहीतर 48 तासांच्या आत ती बसवता येते. वेळ हुकली तर 6 आठवडे थांबावं लागतं. लवकर बसवलेली तांबी कधी निसटते, म्हणून 6 आठवड्यांनी तपासणी हवीच, तीही सासरी परतण्याआधी. तांबी नको तर छाया ही गर्भनिरोधक गोळी: अंगावर पाजतानाही चालते, पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी परतण्याआधीही दिवस राहू शकतात, हे स्पष्ट सांगा.