ईस्टर नीट समजून घ्यायचाय? मग वल्हांडणापासून सुरू करा

बऱ्याच जणांचा ईस्टर गुड फ्रायडेला सुरू होतो आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की संपतो. पण येशूचं मरण आणि पुन्हा उठणं हे सगळं घडलं वल्हांडणाच्या (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची आठवण करणाऱ्या ज्यू सणाच्या) दिवसांत, म्हणून आधी तो सण काय आहे ते बघा, मग शुभवर्तमानातल्या (बायबलमधल्या येशूच्या कथेतल्या) कितीतरी बारीक गोष्टी आपोआप उलगडतात.

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १२वा अध्याय वाचायला घ्या, पण घाई नको. कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडून ठेवायचं, चौदाव्यापर्यंत सांभाळायचं आणि मग संध्याकाळी कापायचं. म्हणजे चार दिवस सांभाळलेलं कोकरू, पोरांना लळा लागलाच असणार (हे आपलं माझं). आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय, येशूला क्रुसावर देतात तो, शेजारी ठेवा. तिथे कोकराचं रक्त दाराला लावायला एजोब या झुडपाची जुडी होती, इथे येशूला आंब (आंबट द्राक्षारस) द्यायलाही एजोबच, तिथे कोकराचं हाड मोडायचं नाही असा नियम आणि इथे येशूचे पाय मोडले नाहीत. योहान हे उगाच लिहीत नाहीये.

मग खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण. ज्यू घरांत सणाआधी कोपरान् कोपरा झाडून खमीर बाहेर काढतात. तुम्ही एकच कपाट घ्या, स्वतः साफ करा आणि करता करता १ करिंथ ५:७ (प्रेषित पौलाच्या पत्रातलं ‘जुनं खमीर काढून टाका’) आठवा, कोणाबद्दल अढी धरून बसलोय तेही तेव्हाच आठवतं.

गुरुवारी रात्री बायबलमधली स्तोत्रं ११३ ते ११८ मोठ्याने वाचा, वल्हांडणाच्या भोजनात हीच म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानात आहे की शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, ते गीत बहुतेक यातलंच. ‘बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड’ ११८ मध्येच आहे, अटकेच्या रात्री ते येशूच्या ओठांवर असेल तर कसं वाटलं असेल!

एक मात्र सांभाळा. आजचा सेदर (वल्हांडणाचं विधीचं भोजन) यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पडल्यानंतर हळूहळू घडत गेला, त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट येशूच्या ताटात होती असं ठोकून देऊ नका. ज्यू मित्राने बोलावलं तर जरूर जा, पण तिथे ऐका, त्यांचा सण त्यांनाच समजावत बसू नका.

आणि रविवार. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात शब्बाथानंतरच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसानंतरच्या) दिवशी पिकाची पहिली पेंढी देवापुढे आणतात, पौल उठलेल्या ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो तो यावरूनच. त्या पेंढीपासून दिवस मोजत पन्नासाव्याला पुढचा सण, पेंटेकॉस्ट, येतो. तेव्हा ईस्टरच्या दिवशी कॅलेंडरवर १ लिहा आणि पेंटेकॉस्टपर्यंत रोज मोजत राहा.